खरं बोलणाऱ्या यंत्राची वर्गणी

संत तुकाराम नगर, पिंपरी
शुक्रवार, २३ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप सोपानदादास,

मंगळवार, २० जानेवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. ही वेळ आधी कुठेतरी टिपून ठेव, मग माझा नमस्कार घे. तुझे गुडघे कसे आहेत? आळंदीच्या नव्या घराला जिने फार आहेत अशी वहिनीची तक्रार कानावर आली. घर बघायला गेलात तेव्हाही ते जिने तिथेच होते, पण तुला तेव्हा नदीवरचा वारा दिसत होता. (वारा दिसत नसतो हे मला ठाऊक आहे. तुला दिसला.) वहिनीचा तिळगूळ पोचला. कडक होता, पण हे तिला सांगू नकोस. माझी प्रकृती उत्तम आहे, फक्त डोकं फिरलेलं आहे.

तर वर लिहिलेल्या वेळी, दिवाळीत तू रविराजच्या हवाली केलेल्या आपल्या चाकणच्या शेडमधून, माझ्या नावाने आणि माझ्या सहीने एक ईमेल गेला. तो मी लिहिलेला नाही. मी त्या वेळी डब्यातले पोहे खात होते.

झालं असं की हिंजवडीतल्या कुणा मित्राच्या नादाने तुझ्या चिरंजीवांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक एआय बसवलं आहे. एआय म्हणजे काय ते मी तुला समजावत बसत नाही. चहा न पिणारा, रजा न मागणारा आणि प्रत्येक उत्तराच्या आधी समोरच्याचं कौतुक करणारा कारकून समज. महिनाभर फुकट, पुढे एक फेब्रुवारीला वर्षाचे पैसे एकदम. ते भरावेत की नाही हे ठरवायचं काम रविराजने माझ्यावर टाकलं. म्हणाला, "आत्या, आपल्यात तुझं इंग्लिश सगळ्यात भारी. तूच बघ, वर्थ आहे का." मी फुगले. (आप्पांनी तुला शेतावर ठेवलं आणि मला कॉन्व्हेंटात घातलं. तिथे अकरा वर्षांत कुणी कौतुक केलं नाही, त्यामुळे अजूनही मी पटकन फुगते.) रीतसर वही घातली. पहिल्या अठरा दिवसांत त्याने माझ्या पत्रांतले स्वल्पविराम सुधारले आणि, दादा, तीन ठिकाणी त्याचं बरोबर होतं. हे रविराजला कळता कामा नये.

मग आला मंगळवार. पिंपरीच्या कंपनीतल्या खरेदी खात्याच्या जयसिंगांनी ईमेल करून विचारलं, की पत्र्याचे बाराशे ब्रॅकेट आज मिळणार होते, त्यांचं काय झालं. आता नोकरीतून निवृत्त झाल्यावर नऊ वर्षं मी तुझ्या शेडमध्ये मंगळवार, बुधवार, शनिवार बसते आहे, आणि या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं हे मला झोपेतही सांगता येईल. पत्रा दुकानातून आलेला नसेल तर "मशीनवर आहेत". मशीनवर असतील तर "पॅकिंग चाललंय". आणि पॅकिंग खरोखरच चाललं असेल तर "गाडी मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकली". ऐकणाऱ्याला सगळं बरोबर कळतं, कुणाचा अपमान होत नाही, आणि माल येतो तेव्हा दोघांनाही आनंद होतो.

पण रविराजने त्या यंत्राला प्रॉडक्शनचं रजिस्टर वाचायला दिलं होतं, वर ईमेलना परस्पर उत्तरं द्यायची मुभाही दिली होती. यंत्राने कळवलं, की बाराशेपैकी एकही ब्रॅकेट तयार नाही, पत्रा उद्या कापू, गुरुवारी आमची सुट्टी, माल शुक्रवारी दुपारी चारला मिळेल, मनःपूर्वक दिलगिरी. खाली माझं नाव.

पाच मिनिटांत जयसिंगांचा फोन. आवाज एकदम खाली. "ताई, घरात कोण गेलं का?"

म्हटलं, नाही हो, सगळे आहेत.

"दादा बरे हायेत ना? शेड विकताय का?"

नाही म्हटलं.

"मग असं का लिवलं? एकबी तयार न्हाई? ताई, नऊ वर्षांत तुम्ही असं तोडून कधी बोलला नव्हता."

बरं, आपल्याला उशीर होतो हे धरूनच ते मुळात तीन दिवस आधीची तारीख सांगतात. खरी गरज त्यांना शुक्रवारचीच होती. पण आपण होऊन शुक्रवार लिहिणारा माणूस सोमवारच्या आत काही माल देत नाही, असा हिशेब करून संध्याकाळपर्यंत त्यांनी सहाशे ब्रॅकेट भोसरीच्या एकाला देऊन टाकले. खरं बोलून अर्धी ऑर्डर गेली!

मी खुर्ची ओढून त्या यंत्राला बजावलं, लिही, पहिली गाडी निघाली असून मोशीला पोचली आहे. ते आधी म्हणालं की माझी काळजी अगदी रास्त आहे. मग म्हणालं की कोणतीही गाडी निघालेली नसल्याने तसं लिहिणं योग्य होणार नाही, त्याऐवजी एक हृद्य माफीपत्र लिहू का. मला! खोटं बोलल्याबद्दल सिस्टरने एकदा आख्खी दुपार मला व्हरांड्यात उभं केलं होतं. तेव्हा मी खरंच खोटं बोलले होते. मोशीची गाडी ही रीत आहे, तिला खोटं म्हणत नाहीत. किसन सुपरवायझर मागून म्हणाला, "बाई, त्याला एकदा मोशीच्या चौकात सकाळी नऊला उभा करा, मग बोलंल ते."

आणि रविराज? हसला. म्हणाला, "सहा महिन्यांत कस्टमर रुळतील गं. आणि एकदा हे नीट चाललं की तुला बस बदलत धडपडत यायची गरजच नाही. आराम कर." आराम! आता कळलं, मला कशाची परीक्षा घ्यायला बसवलं होतं. माझ्या वहीवर शेरा लिहून झाला आहे: एक पैसाही देण्याच्या लायकीचं नाही.

तुझी बहीण
सुभद्रा

ता. क. आत्ताच किसनचा फोन आला. आपले सहाशे पावणेचारला पोचले. भोसरीवाल्याचे अजून "मशीनवर आहेत". जयसिंगांनी त्याही सहाशेची ऑर्डर आपल्याला परत दिली आणि विचारलं, की मंगळवारचं पत्र ज्या कुणी लिहिलं, तोच यापुढे तारखा कळवेल का. हे तुझ्या कानावर इतर कुणी घालण्यापेक्षा मीच घातलेलं बरं.

ता. क. दुसरा. यंत्र घ्या. माझा शेरा मी खोडते. फक्त रविराजला एवढं लिही, की आत्या तिच्या तीन दिवसांना येत राहील आणि तिचं टेबल हलवायचं नाही. मी विचारलं तर तो दयेने हो म्हणेल, आणि ते मला नको. या फ्लॅटमध्ये मंगळवारी सकाळी साडेआठला मी काय करायचं, हे त्या यंत्रालाही विचारून पाहिलं. त्याने नऊ पर्याय दिले. त्यात एक जलरंगांचा होता. उत्तर लेखी हवं, शनिवार, ३१ जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत. मोबाइलवर अंगठ्याचं चित्र पाठवलंस तर उत्तर आलं नाही असं धरीन.