खडकासमोर थांबलेले इंजीन

दिवाळे,
ता. १९ जानेवारी १९८४

तीर्थरूप नामादादा यांस,
धाकट्या मधुकरचा पाया पडून नमस्कार. आम्ही सर्व ठीक आहोत. आईचा खोकला कमी आहे. तू करंजाला जेवणाची सोय कशी केलीस, हे ती सारखी विचारते. मासेमारी सोडून मालवाहू बार्जवर नोकरीला जाण्यावरून नारळी पौर्णिमेला भांडण झाले, त्यानंतर तू घरी आला नाहीस. पण तिच्या मनात त्याचे काही नाही.

मी अजून सुनीतीबाईंकडेच आहे. त्या मुंबईच्या संशोधन संस्थेतल्या. खाडीतली बोटींची ये-जा आणि पाण्यातले तेल यांचा त्या अभ्यास करतात. मी होडी धरतो, पाण्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहितो. आठवीत शाळा सुटली तरी अक्षर चांगले आहे म्हणून बाईंनी मला ठेवले. गोटीरामकाका दर वेळी त्यांना विचारायचे, "बाय, येवऱ्या पान्याचं लोनचं घालतेस का?" बाई हसून म्हणायच्या, "घातलं तर पहिली बरणी तुम्हाला."

दादा, काका गेले. तुला कळले आहे की नाही, मला माहीत नाही.

गेल्या गुरुवारी सकाळी दाट धुके होते. काका एकटेच जाळे काढायला खाडीच्या मुखाकडे गेले होते. दुपारी त्यांची होडी पालथी सापडली, एक बाजू फुटलेली. काका दुसऱ्या दिवशी ओहोटीला तिवरांच्या झाडीत सापडले.

फुटलेल्या फळ्यांना काळे तेल लागले होते. बाईंनी ते तपासून घेतले. बार्जवाले इंजिनाखाली साचलेले तेलकट पाणी धुक्यात खाडीत सोडतात. कोणाला कळू नये म्हणून भोंगाही वाजवत नाहीत. तेच तेल त्या सकाळच्या आमच्या बाटल्यांत आहे आणि तेच फळ्यांवर. बाई म्हणाल्या, "भोंगा वाजला असता तर काका बाजूला झाले असते. पण बार्ज कुठला, हे माझ्या बाटल्या सांगणार नाहीत."

मग मला विचारले, "मधुकर, तू तेव्हा धक्क्यावर होतास ना?"

मी म्हणालो, "धुकं होतं, बाई."

"धुक्यात दिसत नाही. ऐकू येतं."

मी पुढच्या बाटलीची चिठ्ठी लिहायला घेतली.

त्या सकाळी खाडीत एकच इंजीन वाजत होते. मी बाटल्या धूत होतो, आई सुकट पसरत होती. भोंगा नव्हता. आवाज देवीच्या खडकासमोर आला आणि इंजीन थांबले. थोडा वेळ नुसते पाणी ऐकू आले. मग इंजीन पुन्हा सुरू झाले आणि मुखाकडे गेले.

देवीसमोर इंजीन बंद करून बोट वाहू द्यायची, हे आपल्या गावचाच माणूस करतो. बार्जचे सुकाणू धरणारा आपल्या गावचा सारंग एकच आहे.

आईने हात जोडले. म्हणाली, "माजा नामा गेला बग. मालकाचं खातो, पन देवीला इसरला नाय."

होडीला धक्का लागल्याचे तुला कळले का, हे मी रोज स्वतःला विचारतो. बार्ज मोठा, होडी लहान. कळले नसेल. पण भोंगा वाजवायचा नाही, हे तर तुला माहीत होते. मालकाने सांगितले असेल. भोंग्याची दोरी मात्र तुझ्या हातात होती. काकांनी आपल्या दोघांना त्याच खडकापाशी पोहायला शिकवले.

सोमवारी बाई बेलापूरच्या सरकारी कचेरीत आपला अहवाल देणार आहेत. मी बरोबर जाणार आहे आणि जे ऐकले ते सांगणार आहे. बाईंना अजून सांगितले नाही. आधी तुला लिहावे असे वाटले. पळून जा म्हणून लिहीत नाही. तू रविवारी ये आणि सोमवारी माझ्याबरोबर चल. तू स्वतः सांगितलेस तर मी नुसता शेजारी उभा राहीन. मालकाने काय सांगितले होते, हेही तुलाच सांगता येईल.

एस.टी.ने ये. पाण्याने येऊ नको. आई रोज सकाळी सुकटीचे निमित्त करून धक्क्यावर बसते आणि एखादे इंजीन खडकासमोर थांबते का ते ऐकत असते. तिला मी काही सांगितलेले नाही. ते तूच सांग.

तुझी रविवारपर्यंत वाट पाहणारा आणि सोमवारी तुझे नाव घेणारा,
तुझा धाकटा भाऊ,
मधुकर