पायजमेवाल्या कोंबडीची अंडी

सोमवार, दारव्ह्याजवळून

तीर्थरूप मामाजी,

तुमाले अन् मामीले वाकून नमस्कार. तुमचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे? मामीचा खोकला कमी झाला असंन. इकडे सगळं ठीक आहे (म्हणजे मी एकटाच आहो, अन् मी ठीक आहो). पत्र पाहून तुमी म्हणसान, जवाईबुवाकडे फोन नाही काय? आहे. पण सुरभी माहा फोन उचलत नाही, अन् तुमी उचलता तं दोनदा हॅलो हॅलो करता, काही ऐकू येत नाही म्हणता अन् ठेवून देता. (परवा तिकडून कोणीतरी हसल्याचा आवाज आला. कोण हसलं ते मी विचारत नाही.) म्हणून हे पत्र गुलाबसिंग जीपवाल्याच्या हाती धाडून राह्यलो. तो लग्नाची पार्टी घेऊन पांढरकवड्याले चालला, तिथून केळापूर काही दूर नाही. तुमची पोरगी कोंबडी घेऊन तुमच्या दारात उतरली, तवा तिनं तिची बाजू सांगतलीच असंन. आता माही ऐका.

झालं असं, की मी मोबाइलवर कोंबड्यांचा एक व्हिडिओ पाह्यला. बाप्पा, काय कोंबड्या होत्या! बकरीच्या पिल्लाएवढ्या, अन् पायाच्या बोटापर्यंत पिसं, जशा पायजमा घालून फिरून राह्यल्या. ब्रह्मा म्हणतात त्या जातीले. विकणारा दूर दक्षिणेतला, पण हिंदी लय गोड बोलत होता. म्हणे, भैया, अंडे मैं भेजता हूं, मुर्गी आप बिठाओ. मी बारा अंडी मागवून टाकली. सुरभीले सांगतलं नाही. सांगणार होतो, पण ती चना सोंगायच्या घाईत होती, अन् घाईतल्या बायकोले कोंबडीचं काही सांगू नये, हा माहा अनुभव आहे (तुमचाही असंन).

कुरियरवाला आमच्या गावात येत नाही, दारव्ह्याले बोलावते. मी गेलतो तं खोक्यावर चारही बाजूनं 'सांभाळून' लिहेल होतं अन् वर फवारणीचा पंप ठेवेल होता. तिथल्या माणसाले म्हटलं, अरे बाबा, आत अंडी आहेत. तो म्हणे, अंडी तं तुमच्या गावातही भेटतात. आता याले काय सांगावं! खोकं मांडीवर घेऊन जीपमध्ये बसलो. दर खड्ड्याले मी सीटवरून अधर होऊन गचका आपल्या अंगावर घेत होतो. एका बाईनं विचारलं, आत लेकरू आहे काय? मी हो म्हटलं, तं तिनं सरकून जागा देली. घरी उघडलं तं दोन फुटेल, दहा शाबूत. थर्माकोलचं खोकं मात्र मजबूत निघालं.

आता अंड्यावर बसाले कोंबडी पाहिजे. घरात खुडुक एकच, सुरभीची तांबडी, अन् ते अगोदरच अकरा अंड्यांवर बारा दिवसांपासून बसेल होती. सुरभीनं कोळशानं रेघाही मारेल होत्या, पहिल्या अंड्यावर एक, दुसऱ्यावर दोन, अशा. तुमीच इचार करा मामाजी. गावरान पिल्लं घरोघरी फिरतात, अन् पायजमेवालं पिल्लू आख्ख्या तालुक्यात नाही. सुरभी सकाळी बाजाराले गेली अन् मी अदलाबदल करून टाकली. तिची अंडी टोपल्यात कापूस घालून कोठीत ठेवली अन् माही दहा तांबडीखाली सरकवली. तांबडीनं काही हरकत घेतली नाही.

सुरभी दुपारी आली. पिशवी ठेवली, कोंबडीखाली हात घातला, तं बिनरेघेचं अंडं हाती आलं. मले म्हणे, माही कुठं आहेत? मी टोपलं आणून देलं. तिनं एकेकाले हात लावून पाह्यला. म्हणे, "गार पडली. बारा दिवस बसली ते माय. जीव धरला होता त्यायनं." अन् इथं, मामाजी, माही चूक झाली. मी म्हटलं, "आम्लेट तं होईन." तिनं उठून तांबडीले दुसऱ्या टोपल्यात घातलं अन् मिळाली त्या जीपनं निघून गेली.

त्याले आज आठ दिवस झाले. कोंबडी गेली, मंग अंडी कोण उबवणार? मीच बसलो. थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावला, वाटीत पाणी ठेवलं, अन् ताप पाहायची कांडी आत खुपसली. साडेनव्व्याण्णव पाहिजे. तेवढ्यात माणसाले कणकण वाटते, अन् अंड्याची तब्येत ठणठणीत राहते. शंभर झालं की झाकण उघडून वारा घालतो, उतरलं की झाकतो. लाइन गेली की (दुपारची जातेच) खोक्यावर मामीनं शिवलेली गोधडी टाकतो अन् बाजूले गरम पाण्याच्या बाटल्या ठेवतो. या नादात चना वावरात झडून राह्यला, भाच्याचं बारसं चुकलं, दाढी वाढली. शेजारची बेबीताई डोकावली, म्हणे, कोण बिमार आहे? मी म्हटलं, कोणीच नाही. म्हणे, मंग कांडी कायले हातात? मी दार लोटून घेतलं. दोन्ही टाइम खिचडी खातो. घर नुसतं खाले उठते, मामाजी. तिचं बोलणं ऐकायची सवय लागून गेली, आता ते नाही तं काहीच नाही.

पण मी काही तिले बोलावून नाही राह्यलो. तिचं माहेर आहे, राहू द्या पाहिजे तितके दिवस. चूक अर्धी माही अन् अर्धी त्या कुरियरवाल्याची. मोठ्यांनी समजून घ्यावं.

तुमचा जवाई,
कपिल

ता. क. कोंबडी तेवढी धाडून द्या. गुलाबसिंग आजच वापस येऊन राह्यला. उद्या एकविसावा दिवस आहे, पिल्लं निघतीन.

ता. क. तुमी म्हणसान, हा आठच दिवस झाले म्हणते, मंग एकविसावा कसा? त्याचं असं आहे, की खोक्यात अकराच अंडी मावतात. सुरभी गेली त्याच घडीले मी कोठीच्या अंधारात सगळ्या अंड्यांमागे मोबाइलचा टॉर्च लावून पाह्यला. पायजमेवाल्यात काहीच नव्हतं. तिच्या अंड्यात लाल शिरा दिसल्या, अन् आत कोणीतरी हाललं. मंग मले ते बाहेर ठेवून देववलं नाही. खोक्यात आहेत ते तिचीच, रेघावाली. (पायजमेवाल्यायचं आम्लेट मी चार दिवस खाल्लं. साध्या अंड्यासारखंच लागते.)

ता. क. पत्राची घडी करून राह्यलो तेवढ्यात एक रेघेच्या अंड्यातून चिवचिव ऐकू आली. चार रेघेच्याले बारीक चीर पडली. मामाजी, पिल्लायनं पहिले माहं तोंड पाह्यलं तं ते जन्मभर माह्याच मागं फिरतीन, अन् मले काही दाणे टिपणं शिकवता येत नाही. म्हणून कोंबडी एकटी धाडू नका. गुलाबसिंगले पुढची सीट राखून ठेवाले सांगतलं आहे. मी स्टँडवर घ्यायले येणार नाही, खोक्यापासून हालता येत नाही, याचा राग मानू नये म्हणा. अन् आल्याबरोबर पहिले अंड्यायले हात लावून पाहाय म्हणा. गरम आहेत.