वेचणाऱ्या बोटांचं पान

३ ऑक्टोबर, बंगलोर
गोदामात तिसरा महिना लागला. आधीच्या दोन जागी एवढाही टिकलो नव्हतो. पट्ट्यावरून पार्सल येतं, पत्ता पाहायचा, पिंजऱ्यात टाकायचं. डोकं रिकामं राहते, ते ॲपमध्ये घालतो.
आमच्या विकीचं नाव ठरलं एकदाचं. सावड. नौशाद म्हणे, "मोबाईल ॲप बनवणाऱ्या पोट्ट्यांसाठी हाये न बे, जरासं इंग्रजी ठेव." मी म्हटलं, आज तुझ्या वावरात उद्या माझ्या वावरात, तसंच तर आहे हे. ज्याचं ॲप अडलं त्यानं विचारायचं, ज्याला येते त्यानं मराठीत पान लिहायचं, चुकलं तर कोणीही दुरुस्त करायचं. एक मदत घेतली की एक पान देणं आलं. नौ. मानला.
त्याचं चिखलीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान. बारावी झाली आहे, म्हणून शुद्धलेखन त्याच्याकडं. मी नववीतून उठलेला.

६ ऑक्टो.
"ॲप जड काऊन होते" हे पान जेवणाच्या सुट्टीत जिन्यावर बसून लिहिलं. नौ.नं जागोजागी दुरुस्त्या केल्या आणि खाली टाकलं, लेका, काना-मात्रा विकत आणतो का? पण मजकुराला हात नाही लावला. म्हणजे बरोबर असावं.

९ ऑक्टो.
वरवट बकालचा धम्मपाल सावडीत आला. शेतीचा डिप्लोमा केलेला. त्याचं ॲप चांगलं आहे. वावरात टांगलेल्या सापळ्यात बोंडअळीचे पतंग किती पडले ते रोज मोजून टाकायचं, म्हणजे फवारा कधी मारायचा ते कळते. बीटी कापसाले अळी लागत नाही म्हणून बियाणं घेतलं सगळ्यांनी, आता बोंड फोडलं की आत गुलाबी अळी.
ॲप आमच्या तिघांच्या फोनवर धावते, पण वावरात कोणी पाह्यलं नाही. मी म्हटलं, माझी माय पाहील. पिंपळगाव राजाला आमच्या वावरात दोन सापळे आहेतच.
मायला फोन केला.
"मले कायचं येते बापा थे?"
"नुसतं दाबाचं हाये, माय."
"तुह्या कामाचं हाये न? मंग दाबतो."

१२ ऑक्टो.
आज माझी सुट्टी. माय वेचणीत, बहीण वैशाली फोन धरून, मी इकडून ऐकत. मायनं बटन दाबलं, लागेना. पुन्हा दाबलं, नाही. वै.नं दाबलं की लागते. मग समजलं. बोंडाच्या वाळल्या टोकांनी मायची बोटं चिरलेली, वरून चिंध्या गुंडाळलेल्या. चिंधी सोडली तरी कातडी इतकी कोरडी की काचेला बोट टेकलं हेच समजत नाही. मग मायनं बोटाला थुंकी लावली. मोजणीत एकदम तीन पतंग जास्त चढले.
"हे तं लबाडी करून राह्यलं रे!"
तिघंही हसलो.
संध्याकाळी पान लिहिलं: कापूस वेचणाऱ्या बोटांसाठी बटन. जसं घडलं तसं सगळं. चिंधी, थुंकी. वापरणारी: अडाणी बाई, माझी आई, पिंपळगाव राजा. फोन फुटेल म्हणून घाबरते. मागं जायचं बटन सापडत नाही.
माझं आतापर्यंतचं चांगलं पान हेच.

१९ ऑक्टो.
पान वाढून राह्यलं. जालन्याच्या एकानं वीटभट्टीवरच्या बापाची बोटं लिहिली. नाशिकच्या एकीनं भाजी विकणाऱ्या मावशीचे सदा ओले हात. धम्मपालनं बटन अर्ध्या स्क्रीनएवढं केलं.
मायनं पुन्हा पाह्यलं. "आता दाबल्या गेलं!" मग आवाज बारीक. "सापळा भरला रे. कवडीच जास्त निघून राह्यली." कवडी म्हणजे किडका कापूस, त्याला भाव नाही. मी काही बोलायच्या आत तिनं विचारलं, जेवला का?

२५ ऑक्टो.
वै.चा फोन. बांधावर भाकरी खाताना कोणाच्या तरी पोरीनं आमचं पान सगळ्या बायांना मोठ्यानं वाचून दाखवलं. बाया हसल्या. एक म्हणे, "थुंकीवाली झाली न वो तू!" माय अर्धी भाकर टाकून कापसाच्या ओळीत गेली.
मी मायला फोन लावला. तिनं उचलला.
"अडाणी कोनाले म्हनलं रे?"
"माय, थे ॲपवाल्या पोट्ट्यांसाठी..."
"मले पुसलं होतं?"
नाही पुसलं.
"नुसता हात फिरवून सांगतो मी, कोन्त्या बोंडात अळी हाये. तुह्या फोनले येते का?"
ठेवला.

२६ ऑक्टो.
पान पुसलं. पूर्ण कोरं. दुपारपर्यंत हलकं वाटलं.
मग नौ.चा फोन. "काऊन पुसलं बे?" सांगितलं. तर म्हणे, "पन इतिहासात तं हायेच न."
विसरलोच होतो. आम्हीच हौसेनं असं विकी निवडलं की प्रत्येक जुनं रूप तारखेसकट मागं राहील, कोणीही उघडून पाहील. कायमचं काढायचं तर साइटवाल्यांना सांगून अख्खं पानच उडवावं लागते. मग जालना, नाशिक सगळंच जाते.
धम्मपाल चिडला नाही, तेच जास्त लागलं. "भाऊ, केलेली सावड वापस नेता येत नाई. पन मायचं बी खरं हाये. तू म्हनशीन तसं करू."

३० ऑक्टो.
माय फोनवर येत नाही. वै. म्हणते कामात आहे. सापळ्याचे आकडे बंद. नौ. विचारतो, उडवायचं का ते सांग.
दोन पार्सलं चुकीच्या पिंजऱ्यात टाकली. सोडून द्यावं हे आणि गाडीत बसावं, असं... पण दारात उभा राहून म्हणणार काय?

२ नोव्हें.
माय फोनवर आली. सगळं जसंच्या तसं सांगितलं, इतिहासाचंही.
"म्हंजे एकदा लिवलं का जात नाई?"
"अख्खं उडवलं तरच. तू म्हन, आत्ता उडवतो."
तिनं उलटंच विचारलं.
"आन् म्या सांगतलं थे लिवलं, तं थे बी जात नाई?"
"नाई."
"मंग नको उडवू. वैशूले बसवतो आज."

४ नोव्हें.
पान परत आलं. बदल वै.च्या नावानं, बोल मायचे. नौ.नं एक काना दुरुस्त केला नाही. पहिलीच ओळ: बटन लहान होतं. बोट बराबर होतं.
थुंकी राहू दिली आहे. पुढं लिहिलं: सुईत धागा ओवाले बी थुंकी लावतात, तवा कोनी हासत नाई. हासाचं असन तं बटन करनाऱ्याले हासा. आणि: फोन पोरीचा होता, म्हनून भेलो.
धम्मपालनं खाली एकच शब्द टाकला, कबूल.
वाचत खाली आलो तर "वापरणारी:" याच्या पुढं नुसती टिंबं. अडाणी बाई काढून टाकलं.
वै.ला विचारलं. म्हणे, "माय म्हने, थ्या जागी काय पाहिजे थे तुह्या भावालेच मालूम पाहिजे. थ्यानं लिवल्याबिगर मी आकडे टाकत नाई."

७ नोव्हें.
शेतकरी लिहिलं. जतन केलं. सातबारा बाच्या नावावर आहे म्हणून काढलं, मग वाटलं, त्यानं काय होते? तोवर वेचणारी लिहून झालं होतं. ते अर्धंच. नुसतं माय लिहिलं. ती तर माझ्यासाठी, जालन्याच्या पोराला काय कळणार?
अळी वाढून राह्यली, धम्मपालला आकडे पाहिजेत. तरी म्हणे, घाई करू नको.
जेवणाची सुट्टी संपायला पाच मिनिटं. आत्ता वै.चा मेसेज: इतिहासातले तिन्ही शब्द वाचून दाखवले मायले. म्हने, आनखी लिव.