शिफ्ट धरायला दुसरा हात

३ नोव्हें., सोम.
सरांना दवाखान्यातून घरी आणून आज बारा दिवस झाले. अर्धांगवायूने डावा हात, डावा पाय गेलाय. तोंड वाकडं, शब्द फुटत नाही. उजवा हात हलतो, पण पेन धरवत नाही. काहीही विचारा, मान हलवतात. जेवायचं? हो. नको? तरी हो. डॉक्टर म्हणाले, समज किती राहिलीय सांगता येत नाही, फार आशा धरू नका. धरू नका म्हणे! चौतीस वर्षांचा संसार आहे, दुकानातली वस्तू नाही परत ठेवून द्यायला.

शेवंता सकाळी अंग पुसायला, दुपारी कूस बदलायला येते. मी "सर, पाणी घ्या" म्हटलं तर हसली. "बाई, नवऱ्याला अजून सरच म्हंता व्हय?" मग काय म्हणू? एकोणिसाव्या वर्षी ओतूरला ह्यांच्या टायपिंग क्लासात बसले, तेव्हापासून सर. लग्न झालं म्हणून काय बदलायचं.

८ नोव्हें., शनि. संकष्टी
अमोल आला चाकणहून. पोरगं गोदामात दिवसभर खोक्यांवरचे बारकोड वाचायचं मशीन घेऊन फिरतं, तर त्याला वाटतं सगळ्याला मशीन आहे. टॅब्लेट आणला, सोबत छोटा कीबोर्ड. बाबा, पाहिजे ते दाबा, मी वाचतो. सरांनी लगेच हात ठेवला. मला केवढं बरं वाटलं!

उमटलं काय, तर इंग्रजी अक्षरं, शेंडा ना बुडखा. अमोलने मराठी लावून दिलं. तेही तसंच. सरांनी पडद्याकडे पाहिलं आणि कीबोर्ड ढकलून दिला. खाली पडला. अमोलने उचलला, पुसला, आणि तिथंच, त्यांच्या खुर्चीजवळच म्हणाला, "आई, बाबांना अक्षर ओळखू येत नाही आता. मान्य कर."
चंद्र दिसल्यावर सरांना आधी भरवलं, मग उपास सोडला.

११ नोव्हें., मंगळ.
टॅब्लेट इथंच ठेवून गेलाय, परत इंग्रजीवर करून. म्हणे बोटांना व्यायाम. सर बसतात समोर. दाबतात, थांबतात, माझ्याकडे बघतात. मी "छान, छान" म्हणते. लहान मुलाला म्हणावं तसं. माझंच मला कसंतरी झालं.

१४ नोव्हें., शुक्र.
ताईचा फोन. मी धाकटी, म्हणून तिच्यापुढे धीर सुटतो माझा. बोलून गेले, माणूस गेलंय गं ताई, मी नुसतं शरीर सांभाळतेय, देवाने उचललं तर दोघंही सुटू.
सर खुर्चीत होते. माझ्यापासून दोन हातांवर. भिंतीकडे बघत होते.
लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

१९ नोव्हें., बुध.
आधी नीट लिहून काढते.

दुपारी चार. सर टॅब्लेटवर. तीच तीन अक्षरं: पी, जी, के. काल हीच, परवाही हीच, आणि चारच्याच सुमाराला. मी वैतागून म्हटलं, काय हे पीजीके लावलंय रोज. मग लक्ष गेलं. ते बोटांकडे बघतच नव्हते. नजर समोर, मनगट उचललेलं, बोट सरळ खाली. नजर कागदावर, बोटांवर नको: हे ऐकत ऐकत तर मी शिकले. एकदा बोटांकडे बघितलं म्हणून माझ्या हातांवर रुमाल टाकला होता त्यांनी, सगळ्या बॅचसमोर.

आतल्या खोलीत गेले. बारा मशीन होती क्लासात. परीक्षा कॉम्प्युटरवर गेली तशी अकरा भंगारात दिली, एक मराठी मशीन ठेवलंय. कव्हर काढलं, कागद चढवला, डोळे मिटले. पी असतो तिथली कळ. मग जी. मग के.
चहा.
स्वच्छ उमटलं, चहा.

माणूस जुन्या मशीनच्या कळांवर बरोबर टाईप करत होता, आणि टॅब्लेटला ती मांडणी ठाऊक नव्हती. आणि मला? मी सत्तावीस वर्षं शाळेच्या ऑफिसात हेच बडवलं, मला कळू नये?
चहा केला. चमच्याने पाजला. निम्मा माझ्याच पदरावर सांडला. सर डोळ्यांनी हसले. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून मोठ्यांदा रडले. शेवंता धावत आली, तिला वाटलं गेलेच.

२० नोव्हें., गुरु.
मशीन सरांच्या टेबलावर आणलं. उचलायला शेवंता आणि मी. ती म्हणे, "लई जड हाय राव हे."
अडचण एकच. अर्ध्या अक्षराला शिफ्ट लागते, म्हणजे दुसरा हात. तो नाही. मग मी डाव्या बाजूला स्टूल टाकून बसते. सरांनी बोटाने टेबलावर दोनदा टकटक केली की मी शिफ्ट दाबून धरायची. ओळ संपली की मशीनची वरची गाडी मी ओढायची. त्यांचा उजवा, माझा डावा.

आजची वाक्यं: मीठ कमी. शेवंताला ओरडू नको. रिबन वाळली, बदल.
अमोलला फोन केला. म्हणाला, "म्हणजे मी तेव्हा बोललो ते बाबांनी ऐकलं?"
मी हो म्हटलं. आणि फोन कानाला तसाच धरून उभी राहिले. त्याचं ऐकलं, तर माझंही ऐकलंय.

२३ नोव्हें., रवि.
सरांचं काही वेगळं नाही. किराण्याची यादी मी मुद्दाम मशीनवर केली, तर खाली त्यांनी टाईप केलं, चुका ३. अजून तेच. हसू आलं, पण नजरेला नजर देता येत नाही माझ्याच्याने. त्यांनी ताईच्या फोनचा विषय काढला नाही. काढणार नाहीत. माणूसच तसा. पण मग मी काय आयुष्यभर असंच स्टूलवर बसून मान खाली घालू?

२६ नोव्हें., बुध.
अमोलचा फोन. टॅब्लेटला जुन्या मशीनची मांडणी लावता येते म्हणाला, रविवारी येऊन दहा मिनिटांत करून देतो, शिफ्टसुद्धा एका बोटाने चालेल. बाबांना मग कुणी लागायचं नाही.
चांगलंच आहे. सरांना सांगितलं, त्यांनी मान हलवली. मी आत जाऊन उगाच भांडी घासली. घासलेलीच होती.
रविवारच्या आत विचारायला हवं. नंतर ते एकटे लिहू लागतील आणि मी लांबून जाईन-येईन. मग माझ्याच्याने होणार नाही.

२९ नोव्हें., शनि.
तोंडाने जमेना. सकाळी शेवंता गेल्यावर मशीनवर टाईप केलं:
"त्या दिवशी ताईशी फोनवर बोलले ते तुम्ही ऐकलंत का? मी दमले होते. तुम्ही आत आहात हे मला कळलं नाही. मला माफ करा."
कागद तसाच चढवलेला ठेवून सरांची खुर्ची टेबलाशी ओढून दिली. मी स्टूलवर बसले.

सरांनी वाचलं. परत वाचलं. चुका मोजतायत की काय, असं एक क्षण वाटलं. मग बोट उचललं.
ऐकलं
माझ्याकडे बघितलं. मी गाडी ओढली. नवी ओळ.
पण
आणि बोट थांबलं. टेबलावर टकटक, दोनदा. पुढच्या अक्षराला शिफ्ट हवी होती. माझ्याच्याने हात उचलवेना. दूध उतू जातंय म्हणत उठून आले. दूध गॅसवर नव्हतंच.

स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. "पण"च्या पुढे काय असेल? काय वाटेल ते असेल. माझ्या हाताशिवाय ते लिहिता येत नाही त्यांना, आणि उद्या अमोल येतोय.
परत टकटक. रागाची नाही. क्लासात पेन्सिलीने ठेका धरायचे तशी, सावकाश.
दोनदा.
उठते.