एका जुवाखाली

मेडशी, मंगळवार, संध्याकाळ

आज मीनाचा फोन होता. पोरगी ग्रीसमध्ये नोकरीला, तिथली भाषा शिकून राह्यली. म्हणे, "बाबा, इथं कागदावर नवऱ्याले आन् बायकोले एकच शब्द आहे, सिझिगोस. अर्थ काय, तर एका जुवाखाली जुंपलेले. लय जुना शब्द आहे."

मी हसलो. म्हटलं, "म्हणजे तुई माय बैलच झाली की." मीना हसली. तिची माय, सुमन, बाजूलेच तूर निवडत बसली होती. ती हसली नाही.

फोन ठेवल्यावर विचारलं, "काहून गप झाली?"

"तुमीच म्हणलं होतं, कोणाले सांगू नको."

तेव्हा आठवलं. मीनाचा जन्म व्हायचा होता. ऐन डवरणीत, पिकातलं तण काढायच्या दिवसांत, एक बैल मेला, दुसरा एकटा चालेना. मग आम्ही दोघांनीच जू खांद्यावर घेऊन डवरा ओढला, मागं दांडा धरून माझे वडील, आबा. तीन दिवस, गाव जागं व्हायच्या आत. सुमनचा खांदा सुजला होता, आईनं हळद लावली होती. तेव्हा लाज कशाची वाटली मले? आन् आज हसू कशाचं आलं?

म्हटलं, मीनाले सगळं सांगतो. सुमन म्हणे, "सांगा." पुन्हा तुरीत हात.

फोन घेऊन बसलो आहे. पण तिचा तो खांदा, डावा सुजला होता की उजवा? आठवतच नाही. विचारायची हिंमत होत नाही. मी तर तिच्या शेजारीच जुंपलेला होतो.