दट्ट्यावरची काजळी

प्रिय इलेनिया,

सगळ्यात आधी टपकला तो क्विंतो, आणि तोही मागच्या दाराने, चिखलाच्या बुटांनिशी, मी नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून. मंगळवार ना आज. मंगळवारी आणि शुक्रवारी शिकार बंद, म्हणजे या माणसांना स्वतःच्या घरात बसवत नाही आणि दुसऱ्याच्या घरी गेल्याशिवाय चैन पडत नाही. मी म्हटलं, अरे, बूट तरी काढ. तर म्हणतो कसा, "वहिनी, बूट काय घेऊन बसलात, इकडे दादाची बंदूक मेली आणि तुम्हाला फरशीचं पडलंय!" सख्खा दीर, एकसष्ट वर्षांचा घोडा झालाय, पण पाय पुसायचं अजून शिकवावं लागतं. त्याच्या मागोमाग नाझारेनो आला, आपला तो रिटायर झालेला पोस्टमन. त्याने पाय पुसले, दोनदा पुसले, आणि पिशवीतून एक भिंग आणि बंदुकीबरोबर मिळतं ते माहितीचं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं, पाद्रीबाबा वेदीवर ठेवतात तसं. आणि मधोमध, माझ्या धुतलेल्या टेबलक्लॉथवर, तुझ्या आजोबांची बंदूक. तिच्याभोवती तिघं असे उभे की जणू आजारी गाईला बघायला आलेत.

तुझं पत्र पोचलं हो. त्या बाईंना तू दातांचा अख्खा वरचा जबडा करून दिलास आणि त्या आरशात बघून रडल्या, हे मी पाववाल्या ग्वाल्तिएरोपासून सगळ्यांना सांगितलं. तुझी बोटं माझ्यावर गेलीत, बारीक आणि न थरथरणारी. तुझ्या आईची नाहीत तशी. तिच्या हातून कप सुटतात. तर हे बोटांचं नंतर येईल, मी विसरायच्या आत लिहून ठेवते.

झालं काय ते ऐक. रविवारी सगळे मचाणावर होते. उत्तरेकडून रानकबुतरांचा मोठा थवा आला, क्विंतोने आमिषाला फांदीवर बांधलेल्या पाळीव कबुतराची दोरी ओढली, त्याने पंख फडफडवले, थवा वळला, अगदी नेमका वळला. आजोबांनी बार टाकला, एक पडलं. आणि दुसरा बार निघेचना. या बंदुकीचं तेच तर वैशिष्ट्य, एक काडतूस उडालं की दुसरं आपोआप वर येऊन बसतं. ते आलं आणि तोंडातच आडवं अडकलं. या महिन्यात तिसऱ्यांदा. क्विंतो खालून ओरडला, "दादा, घाई करू नकोस, मी कबुतरांना थांबायला सांगतो!" मचाणावरची चारही माणसं हसली. आजोबा घरी आले, त्यांनी सूप घेतलं नाही, पावाचा तुकडा हातात धरून बसले. मी विचारलं तर म्हणाले, काडतुसं हलकी आली यंदा. मी म्हटलं, असेल. आणि मला इतका राग आला, इलेनिया, त्यांचा नाही, माझाच, की मी ताटली आपटली.

तर आज दवाखाना भरला. क्विंतोचं म्हणणं, प्रत्येक शिकारीनंतर उघडायची आणि तेलात न्हाऊ घालायची. त्याची बंदूक बघितली आहेस ना तू? गाडीच्या सीटवर तेलाचे डाग पाडते. डिसेंबरात थंडी पडली की ते तेल मधासारखं घट्ट होतं आणि बंदूक खोकत बसते. त्याला कोण सांगणार. नाझारेनोने भिंग लावून वाचलं की पुस्तकाप्रमाणे पाचशे काडतुसं झाली की पूर्ण साफसफाई. मग मान वर करून विचारतो, "डेलिओ, तुमची किती झाली?" आजोबा छाती काढून म्हणाले, "मोजतो कोण? एकतीस वर्षं माझा एकच नियम. जानेवारी संपला, शिकार बंद झाली, की एकदा पुसायची. मधे हात लावायचा नाही. चांगली बंदूक स्वतःचं स्वतः बघते." हा नियम तुला पाठ असेल, अर्ध्या गावाला पाठ आहे. तो ऐकून ग्वाल्तिएरोने दोन वर्षं बंदूक उघडली नाही, तिच्या नळीत गंज चढला. तो विचारायला आला तेव्हा आजोबा त्याला म्हणाले, "तुझी बंदूकच हलक्या जातीची." बिचारा मान डोलावून गेला. मी चुलीपाशी उभी राहून जीभ चावली. गेली एकतीस वर्षं मी ही जीभ चावतेय, तिचं काही उरलंय हेच नवल.

जेवायला बसले तेव्हा आणखी एक. मी शेवया वाढल्या, विकतच्या. क्विंतोने काट्यावर गुंडाळून उचलल्या आणि बघितलं, "वहिनी, या तुमच्या हातच्या नाहीत. आजारी आहात की आळशी झालात?" मी काही म्हणायच्या आत आजोबा म्हणाले, "मीच सांगितलं तिला विकत आणायला. मला त्या आवडतात." त्यांना! जे आपल्या बहिणीच्या लग्नातसुद्धा दुसरीच्या हातच्या शेवया म्हणून तोंड वाकडं करून बसले होते. मला तेव्हा नवल वाटलं, पण वाढण्याच्या गडबडीत राहून गेलं.

मग ठरलं ते हे. क्विंतो म्हणाला, बंदूक संपली, एकतीस वर्षं पुष्कळ झाली. शुक्रवारी शिकार नाही, तर शुक्रवारी त्याच्या गाडीतून तिघांनी मिळून शहरातल्या बंदूकवाल्याकडे न्यायची. तो सगळ्यांसमोर उघडेल, काय बिघडलंय ते सांगेल, आणि नाही जमलं तर ठेवून घेईल. आजोबांनी बंदुकीच्या लाकडावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "ही गेली तर दुसरी घेणार नाही मी. मचाणाची शिडीही आता नकोच वाटते." चौऱ्याहत्तराव्या वर्षी हा माणूस पहाटे शिट्टी वाजवत शिडी चढतो, ती चढायचं सोडलं तर दिवसभर काय करेल? माझ्या स्वयंपाकघरात बसेल. दोघांपैकी एक जण जिवंत राहील.

पण त्याहून वाईट ते उघडणं. बंदूकवाला काही आंधळा नाही. नळीखालचा दट्ट्या, जो बाराच्या धुराने मागे सरकून दुसरं काडतूस वर आणतो, तो बाहेर काढेल, हातात फिरवेल आणि तिघांसमोर म्हणेल, "ही बंदूक गेल्या हंगामापर्यंत कुणीतरी फार जपून ठेवलीय हो. प्रत्येक वेळी पुसलेली आहे. आणि एकाएकी थांबलंय. कोण होतं ते?"

आता सांगते. माझे वडील बंदुका दुरुस्त करायचे हे तुला ठाऊक आहे. मला तिसरीतून का काढलं ते कुणी सांगितलं नसेल. माझी बोटं बारीक होती, जिथे त्यांचं बोट जायचं नाही तिथे माझं जायचं. अक्षरं अर्धवट राहिली माझी, पण स्प्रिंगा, खिट्ट्या सगळ्या पाठ झाल्या. आजोबांनी ही बंदूक घेतली तेव्हा गावात अशी पहिलीच होती. आठवड्यात सगळ्यांसमोर अडकली आणि क्विंतो हसला, तेव्हाही तोच. ते येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. त्या दुपारी ते घोरत असताना मी ती उघडली, पुसली, परत जोडली आणि खुंटीला लावली. दुसऱ्या दिवशी सुटली झकास. मी सांगणारच होते, देवाशप्पथ. पण दारातूनच ओरडत आले, "बघ सेत्तिमिया, काही करावं लागलं नाही! उगाच हात लावतात लोक!" त्यांच्या तोंडावर इतका आनंद होता की म्हटलं, उद्या सांगू. मग त्यांनी ते मचाणावर सांगितलं, मग बाजारात, आणि त्याचा नियम झाला. आता काय सांगणार, की नियमवाल्याची बंदूक त्याची बायको पुसते? प्रत्येक शिकारीनंतर ते दुपारी झोपतात, मी पुसते. फेब्रुवारीत ते ऐटीत उघडतात, आत लख्ख बघतात आणि म्हणतात, "बघितलंस?" मी म्हणते, बघितलं.

या फेब्रुवारीपासून माझ्या हातांनी दगा दिला. पुढच्या लाकडाच्या टोकाला टोपण असतं, ते फिरवलं की सगळी सुटते. ते फिरत नाही माझ्याच्याने. फडक्याने धरून बघितलं, भांडी घासायचा रबरी हातमोजा घालून बघितलं, एकदा तर अक्रोड फोडायचा चिमटाही लावला. दुपारभर मी आणि ते टोपण, आणि पलीकडच्या खोलीत हे घोरतायत. बोटांची गाठोडी झालीत माझी, सकाळी बटण लागत नाही. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की तुझी आई लगेच डॉक्टर, पट्ट्या आणि रडारड घेऊन येईल. आणि एकीकडे माझ्या डोळ्यांदेखत काजळी चढत चढत बंदूक अडकली. येत असून हातांनी करता येत नाही, याच्यासारखा संताप नाही, पोरी.

म्हणून तू गुरुवारी ये. हे पत्र उद्या ग्वाल्तिएरोच्या पावाच्या गाडीतून तुझ्याकडे येईल, त्याच गाडीतून गुरुवारी सकाळी तूही ये. फोन करू नकोस, फोन आजोबांच्या खुर्चीशेजारी आहे. गुरुवारी ते बंदूक घरीच ठेवून मचाणावर पाळीव कबुतरं सांभाळायला जाणार, जेवायच्या वेळेपर्यंत येत नाहीत. मी शेजारी बसून सांगते, हात तुझे. आधी काडतूस नाही ना ते बघायचं, दोनदा, डोळ्याने आणि बोटाने. नळीत गज फिरवायचा. दट्ट्यावरची काजळी खरवडून काढायची, पण तिथे तेल नाही, तिथे कोरडंच हवं, क्विंतो तिथेच चुकतो. तेल फक्त मागच्या सरकत्या भागाला, एक थेंब. आणि किती वेळा हे या तिघांनी दिवसभर भांडून ठरवलं नाही, ते मी तुला एका ओळीत देते. शिकारीवरून आली की पुसायची, भिजून आली तर पाणी प्यायच्याही आधी, आणि दट्ट्या मात्र, काडतुसांचे चार-पाच डबे संपले की. लिहून ठेव, पुढे तुलाच लागेल. वर्षातून दहा-बारा गुरुवार आलीस तरी पुरे, बाकीचं मी नुसत्या फडक्याने भागवीन.

आणि हे एक राहिलं, ज्याच्यासाठी खरं तर पुन्हा पेन उचललं. ते दोघे गेले, आजोबा कोंबड्यांकडे गेले, तेव्हा मी कपाटाच्या वरच्या फळीवर हात घातला, म्हटलं तेल तरी आहे का बघावं. जुन्या काचेच्या बाटलीशेजारी एक नवा डबा आहे, वर दाबलं की फवारा येतो तसला. फिरवायचं झाकणच नाही त्याला. आणि त्याखाली फडक्यांची चळत, त्यांच्या जुन्या बनियनची. फडकी मीच कापायची, सरळ चौकोन. ही वाकडी आहेत, एक बाजू मोठी, एक छोटी, पुरुषाने कापावीत तशी. वसंतापासून मी कात्री धरलेली नाही. मी तिथेच स्टुलावर बसले. एकतीस वर्षांत तेलाची बाटली मी एकदाही विकत आणली नव्हती, इलेनिया, आणि ती एकदाही रिकामी झाली नव्हती. आज पहिल्यांदा डोक्यात आलं. हा माणूस घोरत होता की नुसता आवाज काढत होता? आता मला हसू येतंय आणि त्याच्या टाळक्यात लाटणंही घालावंसं वाटतंय. त्यांना वाटतंय, मला बाटलीचं झाकण उघडत नाही एवढंच. बंदुकीचं टोपण फिरत नाही हे बिचाऱ्यांना कुठून कळणार, मी कधी सांगितलंय? तर तू ये, आणि त्यांना एक शब्द बोलू नकोस. त्यांना माहीत आहे हे मला माहीत आहे, तरीसुद्धा नको. शुक्रवारी बंदूक क्विंतोच्या गाडीत नको, खुंटीलाच असू दे, आतून लख्ख, आणि उघडून बघून त्यांना एकदा म्हणू दे, "बघितलंस?" क्विंतो आणि नाझारेनो शुक्रवारी सकाळी दहाला यायचं कबूल करून गेलेत.

तुझीच,
बोटं तुला देऊन बसलेली आजी