पॅनेल उघडल्याशिवाय सही नाही

आबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी माझं तुमच्याशी भांडण संपलेलं नाही. आज पाटणला घरी आलेय. सुट्टी घेऊन नाही, चौकशी होईपर्यंत कंपनीनं घरी बसवलंय म्हणून. का, ते सांगते. या वेळी मधे बोलायचं नाही.

परवा हँगरमध्ये एका विमानाची तपासणी माझ्याकडे होती. इंजिनातली तापलेली हवा डक्टमधून, म्हणजे एका जाड नळीतून जाते. त्या नळीच्या जोडातून हवा गळायला लागली, की शेजारच्या तारा आतल्या आत भाजत राहतात. बाहेरून काही कळत नाही. मी पॅनेल उघडलं, टॉर्च आणि आरसा आत घातला. तारांवरचं वेष्टण करपलेल्या भाकरीसारखं झालेलं. साहेब म्हणाले, "जुना डाग आहे. पुसून घ्या आणि सही करा, संध्याकाळी उडायचंय." मी म्हणाले, "डाग पुसते सर, पण गळती कशी पुसू?" सही केली नाही. विमान जागेवर राहिलं आणि मी उर्मट ठरले. आता माझा सहीचा अधिकारच काढून घेतील, म्हणजे पंधरा वर्षांचं काम गेलं. गेलं तर गेलं.

तुम्ही काय म्हणाला असतात, ते मला पाठ आहे. पहिल्या नोकरीतून मी सुट्टीला आलेले, हेच स्वयंपाकघर, आई चुलीपाशी, तुम्ही जेवताय. मी फुशारकीनं सांगते, की न बघितलेल्या कामाचा कागद मी तसाच परत पाठवला. तुम्ही हातातला घास खाली ठेवता.

"पोरी, वरनं सांगितलं की करायचं. फौजेच्या वर्कशॉपात आमी जलमभर त्येच केलं."

"आवं आबा, पण मी बघितलंच न्हाई, तर सही कशी करू?"

"सायबानं बघितलं आसंल की! लय शानी झालीस व्हय?"

आई हसली होती. तुम्ही नाही.

नाही आबा, साहेबानं बघितलेलं नसतं. साहेब खुर्चीवर असतो आणि डक्ट पॅनेलच्या आत. तुमच्या शिस्तीवर आपलं घर चाललं, तिला मी नावं ठेवत नाही. पण हुकूम पाळला म्हणून तापलेली तार थंड होत नाही. चौकशीत मी हेच सांगणार आणि माफी मागणार नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, तेव्हा उरलेलंही लिहून टाकते. गेल्या वर्षी असाच घाईचा दिवस होता आणि मी तुमचं ऐकलं. पॅनेल न उघडता सही केली. पुढच्या तपासणीत ती डक्ट ठणठणीत निघाली, पण तोवरचे दोन महिने मला बातम्या लावायचं धाडस झालं नाही. चौकशीत हेही सांगणार आहे. तुम्ही असतात, तर त्या एका सहीबद्दल मला शाबासकी दिली असतीत. आणि आबा, मी ती घेतली असती.